मागचं दार नसलेलं स्वयंपाकघर

आमच्या खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना सगळे फरशीकाका म्हणतात. पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही, इतका माणूस तिरसट. माझ्या स्वयंपाकघरातल्या लाल मातीच्या फरश्यांना सीलर त्यांनीच लावला. तो वाळायच्या आत मी पाणी प्यायला आत पाऊल टाकलं, तर असे खेकसले की माझी तहानच पळाली.

"वहिनी, ही फरशी तेल पिते, चहा पिते, काही सोडत नाही. तिचं तोंड बंद करायला मी आलोय, आणि तुम्ही तिला चपला पाजताय!"

काम मात्र चोख. आधी डाग घासून काढायचे, फरशी खडखडीत वाळू द्यायची, मग सीलरचा हात मारायचा. घरातल्या दारापासून सुरुवात करून मागे मागे सरकत मागच्या दाराने बाहेर पडायचं, कारण बादल्या आणि चिंध्या बैठकीतून नेलेल्या कोणालाच चालत नाहीत. वास सहन होत नाही म्हणून घरची माणसं तोवर कुठेतरी गेलेली असायची. उभी हयात हा माणूस रिकाम्या घरांतून पाठमोरा बाहेर पडत आला.

स्वतःच्या घरची फरशी मात्र तशीच कोरी. बायको म्हणून म्हणून थकली. "करू गं," हे काकांचं ठरलेलं उत्तर. ती बिचारी गुडघ्यांवर बसून डाग घासत राहिली आणि एक दिवस गेली. मला याचा अजून राग येतो. मुलगी लग्न होऊन लांब. तिचा फोन यायचा, पण उभ्या उभ्या. जेवलात का, गोळ्या घेतल्यात का, ठेवते.

तीच मुलगी यंदा म्हणाली, "बाबा, छोटीला घेऊन आठ दिवस येईन म्हणते. रविवारी नक्की सांगते." छोटी नुकती रांगायला लागलेली. झालं, काकांच्या अंगात वारं शिरलं! डागांमागे हात धुऊन लागले. फरशी वाळावी म्हणून पंखा लावून ठेवला आणि स्वतः बाहेरच्या खोलीत पावावर दिवस काढले. जिन्यात भेटले तर चक्क हसले. मी घाबरलेच.

रविवारी दुपारी त्यांनी काम काढलं. सवयीप्रमाणे दारापासून सुरुवात केली आणि सरकत सरकत पार टोकाला गेले. तिथे मागचं दार नव्हतं. त्यांच्या स्वयंपाकघराला दार एकच.

"लोकांच्या घरी कधी चुकलो नाही," नंतर मला म्हणाले. "पाठीला भिंत लागली तेव्हा कळलं, अरे, हे आपलं घर."

आता समोर सगळी ओली फरशी आणि हे कोपऱ्यात, शाळेत शिक्षा झाल्यासारखे उभे. दुसरा कोणी असता तर हाक मारली असती, अगं, एखादी फळी टाक. काकांनीही तोंड उघडलं होतं. मग आठवलं, हाक मारायला घरात कोणी नाही. हे सांगताना त्यांनी मान फिरवली, आणि मला भडभडून आलं.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतला वायरचा फोन वाजला. काका सरळ चालत सुटले, ओल्या सीलरवरून, चिकट पावलांनी.

"बाबा, कामात आहात का?"

"छे गं. रिकामाच बसलोय. बोल."

रजा मिळाली नव्हती. यंदा जमणार नाही, म्हणाली. इथे फोन ठेवला असता तर अजून सगळं सावरण्यासारखं होतं. उमटलेली पावलं लगेच पुसली तर निघतात, सीलर धरला की कायमची. पण त्या दिवशी मुलीला काय झालं कोण जाणे, ती बोलतच राहिली. छोटीच्या दातांबद्दल, ऑफिसातल्या कटकटींबद्दल, रात्री झोप लागत नाही त्याबद्दल. काका हं हं करत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा फरशी आरशासारखी झाली होती आणि तिच्यावर भिंतीपासून दारापर्यंत पावलांची एकच रांग होती.

"अहो काका, तुम्हाला तर माहीत होतं! पुसायला वेळ नव्हता का?"

ते खेकसले नाहीत.

"होता की," म्हणाले. "पण ती बोलत होती."