निफाड रोडवरचा मिस्त्री

वडिलांची जुनी डिझेल जीप पुन्हा ठणठणीत व्हावी म्हणून मी टाकीत बायोडिझेल आणि इंजिनात महागडं सिंथेटिक ऑइल घातलं. निफाडच्या अलीकडेच ती बंद पडली.

रस्त्याकडेच्या मिस्त्रीनं ऑइलचा थेंब चिमटीत चोळून हुंगला, मग डिझेलचा काळाकुट्ट फिल्टर काढून माझ्यापुढे धरला.

"इतक्या वर्षांचा मळ बायोडिझेलनं सुटला, तो इथं अडकला. पातळ ऑइल जुन्या सीलमधून गळतंय. तुम्ही चांगलंच करायला गेले, साहेब. तिला सोसलं नाय."

नवा फिल्टर बसवून नेहमीचं जाड ऑइल भरताना तो खालमानेनंच म्हणाला, "मीबी बापाला गावाकडून, सायखेड्याहून, नाशकात फ्लॅटवर आणलं. मऊ गादी, वेळेवर खाणं. चार महिन्यांत गेला."

इंजिन धडधडू लागलं. तो बराच वेळ कान देऊन ऐकत राहिला. मग म्हणाला, "ही वाचली."