पित्त म्हणून खपवलेली खाज

यंदा पावसाळा सरता सरता ती पुन्हा सुटली. खाज. कुठली, तेही सांगते. सगळा जन्म न सांगण्यात गेला, आता त्याचाही कंटाळा आलाय. लघवीच्या जागी. धड बसवेना, धड निजवेना. भाजी चिरता चिरता उठायचं, न्हाणीत जाऊन पाणी ओतायचं, परत येऊन विळीवर बसायचं.

पहिल्यांदा सुटली तेव्हा मी दोन लेकरांची आई होते आणि अक्कल म्हणाल तर शून्य. रातांब्यांचे, आमसुलं घालायचे दिवस. पडवीत सगळ्याजणी रातांबे फोडायला बसलेल्या आणि मी पाटावर अशी चुळबुळतेय, जसे काही खाली डोंगळे सुटलेत. सासूबाईंनी विचारलं, "काय गो, होतंय काय तुला?"

"पित्त उठलंय," मी म्हटलं. केवढी ती हुशारी!

आता अंगावर पित्त उठलं की आपल्याकडे औषध एकच. सासूबाईंनी आमसुलं भिजत घातली, कोळ काढून वाटी हातात दिली. "जा, आत जाऊन चोळ." आणि ही शहाणी आत गेली नि खरंच चोळलंन! जिथे खाज, तिथेच. पुढचं विचारू नका. घंगाळ रिकामं झालं, तरी आग विझेना. बाहेरून सासूबाई, "वाटतंय का गो बरं?" आणि आतून मी रडव्या आवाजात, "हो हो, उतरतंय!"

मग ओळखीचं कोणी भेटायला नको म्हणून एसटीने थेट हातखंब्याच्या डॉक्टरांकडे गेले. एवढी यातायात करून त्यांच्यापुढे बसले आणि सांगितलं काय? पित्त. त्या बिचाऱ्यांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. मी त्या इमानाने संपवल्या. खाज पुढे कितीतरी महिने मुक्कामाला होती, मग कधीतरी आपली आपण गेली.

या खेपेला अंगात तेवढं बळ नव्हतं. नात म्हणाली, "आजी, सारखी का उठतेस? सांग बघू." सांगितलं. ती हसली नाही. मोबाइल काढून तिने डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली.

बाई तरुण होत्या. "काय होतंय, आजी?"

या तोंडाला मेली सवयच एवढी! "पि..." जिभेवर आलंच. नातीने वळून पाहिलं. मला एकदम थकवा आला. परत त्या गोळ्या, परत ती न्हाणी.

"लघवीच्या जागी खाज येते," मी म्हटलं. "दिवस नाही, रात्र नाही."

बाईंच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. पडद्याआड नेऊन तपासलं, रक्तातली साखर बघितली. वाढली होती. "ही बुरशी आहे. साखर वाढली की धरते," म्हणाल्या. मलम दिलं, साखर उतरायच्या गोळ्या दिल्या. साबण नको, साधं पाणी पुरे. आणि लिहिता लिहिता, "आमसूल-बिमसूल नाही ना लावलंत?"

"आत्ता नाही," मी म्हटलं.

बाईंचं पेन थांबलं. नात बघतच राहिली. रिक्षात तिने सगळं वदवून घेतलं, घंगाळासकट. रिक्षावाल्याने आरसा हळूच दुसरीकडे वळवला.

मलम सुरू करून काही दिवस झाले असतील. दुपारी जेवून जरा आडवी झाले. उठले तेव्हा देवाशी दिवा लागलेला होता आणि भाजी कोणीतरी चिरून ठेवली होती.