राणीच्या मानेचं औषध

माहा लहान भाऊ रोशन म्हंजे डुकराचा माग काढनारा अख्ख्या आंजी गावातला एक नंबर मानूस. शिकवला मीच! आमची शिकारी कुत्री राणी त्याच्याच संगं रानात जाते. तिले गोचीड लागू नये म्हून दर महिन्याले मी तिच्या मानेवर औषध टाकतो. तरी ती तापानं पडली. डॉक्टर म्हने, "गोचीड ताप आहे. औषध काऊन नाई टाकलं?"

मी छाती ठोकून म्हनलं, "माह्या हातानं टाकलं, साहेब!"

रोशन खाली पाहूनच बोलला, "दादा, त्या औषधाच्या वासानं तिले डुकराचा माग लागत नाई. मी नाल्यावर धुऊन टाकत होतो."

माह्या पाठीमागं, दर खेपेले!

राणी वाचली. आता तिले माह्याच दारात बांधतो. पन रोशनचा आवाज आला का ती मले सोडून तिकडंच साखळी ओढते.