उजव्या हातातला नारळ

शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याबद्दल गावात माझा सत्कार ठरला. शस्त्रक्रिया जालन्याच्या डॉक्टरांनी केली होती. मी तेव्हा झोपलेली होते. पण आमच्या धाकट्या दिरांना सत्काराला कारण लागत नाही, पुढारी मोकळा असला की झालं.

मला त्या दिवसांत एकच गोष्ट हवी होती. स्वतःची वेणी स्वतः घालणं. उजव्या खांद्याचा सांधा बदलल्यापासून वेणी सून घालायची, आणि मी शाळकरी पोरीसारखी मान खाली घालून बसायचे. फिजिओथेरपीच्या बाईंनी बजावलं होतं, "मावशी, भिंतीवर बोटं चालवत हात हळूहळू वर न्या. पण चहाच्या कपाहून जड काही त्या हातात धरायचं नाही." बोटं थांबतील तिथं मी भिंतीवर पेन्सिलीनं खूण करायचे. खूण हनुवटीवरून भुवयांपर्यंत चढली होती.

मारुतीसमोरच्या मंडपात पुढाऱ्यांनी शाल घातली, नारळ पुढे केला. मी शालीतून डावा हात पुढे काढला. दीर कानाशी आले.

"वहिनी, देवाचा नारळ डाव्या हातानं घेतेत का? चार लोकांत बरं दिसत न्हाई."

आणि त्यांनीच माझा उजवा हात गळ्यात बांधलेल्या झोळीतून काढून त्यावर नारळ ठेवला. फोटोवाला म्हणाला, "जरा वर धरा." दिरांनी कोपराखालून हात वर रेटला. खांद्यात आत कुठंतरी कचकन ओढलं गेलं. माझं ओरडणं माइकवर गेलं. लोकांना वाटलं, बाई गहिवरली. टाळ्या पडल्या.

नवीन शिवलेला स्नायू दुखावला होता. व्यायाम बंद, हात पुन्हा झोळीत. बऱ्याच दिवसांनी भिंतीशी उभी राहिले, तर बोटं छातीपाशीच अडली. भुवयांजवळची खूण मला खालून बघावी लागली.

त्याच दिवशी दीर फोटो चौकटीत घालून घेऊन आले. सून माझे केस सोडत होती.

"फोटो बराबर आलाय वहिनी. फक्त तुमचं तोंड वाकडं दिसून राह्यलं."

मी सुनेच्या हातातली फणी घेतली आणि त्यांच्यापुढे धरली. डाव्या हातानं.

"भाऊजी, सत्कार तुम्ही केला. आता वेणीही तुम्हीच घाला."

"काय बोलता वहिनी! लोक काय म्हणतील?"

"फोटोवाल्याला बोलवा. टाळ्या वाजवतील."

चौकट खाटेवर टाकून ते निघून गेले. मी फणी सुनेला परत दिली आणि मान खाली घातली.