पोलिसांच्या सभेत मी विचारलेला प्रश्न

माझा धाकटा दीर कापड विणायच्या लूमवर बारा तासांची रात्रपाळी करायचा. झोप येऊ नये म्हणून कारखान्यातल्या कुणीतरी त्याला मेथ ही नशेची पूड दिली. आधी पाळीपुरती, मग सुट्टीच्या दिवशीही. गाव सोडून परराज्यात, गोडादऱ्यात घेतलेल्या आमच्या खोलीत तो खिडकीच्या फटींत कागद कोंबत बसायचा. बाहेरून कोणी बघतंय, असं त्याला वाटे. जेवण सुटलं, बोलणं सुटलं, गाल बसले.

आम्हाला सगळं कळत होतं, पण दवाखान्यात न्यायची भीती. मिस्टर म्हणायचे, "डॉक्टर पोलिसांना कळवतील. गेला मग आत."

तेवढ्यात सोसायटीत पोलिसांची नशाविरोधी सभा झाली. विकणाऱ्यांची माहिती द्या, नाव गुप्त राहील, असं एका अधिकारी बाईंनी सांगितलं. सगळ्यांनी हात पुढे करून नशा न करण्याची शपथ घेतली. लोक उठू लागले तेव्हा मी मोडक्या हिंदीत विचारलं, "मॅडम, विकणाऱ्याला तुम्ही पकडाल. पण घरातलाच कुणी घेत असेल तर?"

माना वळल्या. मिस्टरांनी माझा पदर ओढला.

मॅडम म्हणाल्या, "स्वतःहून सरकारी दवाखान्यात उपचाराला आला, तर नुसती नशा केली म्हणून खटला चालत नाही. कायद्यातच आहे. मात्र उपचार अर्धवट सोडायचे नाहीत."

घरी येऊन दिराला सांगितलं. तो भिंतीला टेकून बसला. "वहिनी, माले पोलिसले धरी देशी का?"

"नही रे. दवाखानामा जाऊत. मी संगे येसू."

मला वाटलं होतं, गोळ्या देतील. डॉक्टर म्हणाले, या नशेवर खास असं औषध नाही; झोप, खाणं आणि दर आठवड्याला येऊन बोलणं, हाच उपचार. काही दिवस बरे गेले, मग तो पुन्हा नशा करून आला. खटला न चालण्याची सवलत गेली, आता पोलीस येणार, म्हणून मी रडले. तरी मी आणि मिस्टर त्याला दवाखान्यात घेऊन गेलो. समुपदेशक बाई एवढंच म्हणाल्या, "परत आलास ना? म्हणजे उपचार सुटले नाहीत." मग मिस्टरांकडे वळून म्हणाल्या, "आधी याची रात्रपाळी सोडवा."

ते मात्र कुठल्याही सरकारी योजनेत नव्हतं. मिस्टरांनीच ओळखीने त्याला साड्यांच्या पॅकिंगचं दिवसाचं काम मिळवून दिलं. पगार कमी आहे. लूमवर त्याच्या जागी दुसरा आला, पाळी अजून बारा तासांचीच आहे.

दीर महिन्यातून एकदा दवाखान्यात जातो, आता एकटाच. परवा क्रिकेटवरून त्याने मिस्टरांशी एवढा वाद घातला की मला दोघांना दटावावं लागलं.