लॅपटॉपचं ओव्हरहॉलिंग

वालीवच्या एका गाळ्यात मी एकतीस वर्षं मशीन दुरुस्तीचं काम केलं. लेथ असो नाहीतर ड्रिलिंग, बंद पडलेलं मशीन समोर आलं की माझी पद्धत एकच. आधी सगळं उघडायचं, एकेक भाग रॉकेलने धुवायचा, मशीनचा बेड, म्हणजे खालची बैठक, लख्ख पुसायची, आणि मगच नवा पार्ट बसवायचा. मळावर नवा पार्ट चढवणाऱ्याला मी गाळ्यात उभा करत नसे. घरीही माझं तेच. आचोळ्यातला आमचा छोटा फ्लॅट मी असा ठेवतो, की आलेला पाहुणा चप्पल काढायच्या आधी दोनदा विचार करतो. बायको म्हणते, "तुमच्या ताब्यात दिलं तर देव्हाऱ्यातला देवसुद्धा घासून गुळगुळीत कराल."

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्यात मशीनचा काडीचाही दोष नव्हता.

बायको एम.ए. करत होती. वय वर्षं छप्पन्न. बारावीनंतर लगेच लग्न झालं, मग मुलगी झाली, मुलीचं शिक्षण, तिचं लग्न. मुलगी बंगळुरूला गेल्यावर हिने घरून करता येतं तसं बी.ए. केलं आणि मला न विचारताच एम.ए.ला नाव घातलं. मी चेष्टा करायचो, "आता काय कलेक्टर होणार का तू?" ती म्हणायची, "झाले तर तुम्हाला शिपाई ठेवीन." आणि पुस्तकात डोकं घालायची.

शेवटच्या वर्षाला प्रकल्प असतो. हिने विषय घेतला होता आपल्या माहेरच्या वाडीतले पाण्याचे शब्द. माहेर वसईजवळचं, होळी नावाचं गाव. केळी, पानवेली, भाजीपाला. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, त्यावर पूर्वी बैलाचा रहाट चालायचा, आणि रहाटाचं पाणी पाटातून, दांडातून वाफ्यावाफ्यात फिरायचं. त्या एवढ्या प्रवासात पाण्याला किती नावं पडत, ते ती गोळा करत होती. आता रहाट गेले, पंप आले, आणि ज्यांना हे शब्द ठाऊक होते ती माणसं एकेक करून गेली. सासूबाई शेवटच्या दुखण्यात अंथरुणावर होत्या तेव्हा ही रोज तिकडे जायची आणि हाताला लागेल त्या कागदावर लिहून आणायची. औषधाच्या बिलाच्या मागे, मिठाईच्या खोक्याच्या झाकणावर. ते सगळं तिने लॅपटॉपमध्ये चढवलं. लॅपटॉप मुलीचा जुना. कागदांचा पसारा मला बघवेना, म्हणून दसऱ्याच्या साफसफाईत मी तो रद्दीत घातला. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "असू दे, आत चढवलंय सगळं."

प्रकल्प ऑनलाइन भरायचा होता. भरायला अकरा दिवस उरले असताना कळलं, की या लॅपटॉपवरून ती साइट उघडतच नाही. तुमची सिस्टीम जुनी झाली आहे, नवी घ्या, असा निरोप यायचा. तारीख चुकली की वर्ष गेलं. मार्गदर्शक बाईंनी सांगितलं, विद्यार्थ्यांना नवी सिस्टीम सवलतीत मिळते, ओळखपत्र दाखवा आणि अपग्रेड करा. मुलीने तिकडून ते सगळं केलं. हिच्या मेलवर पंचवीस अक्षरी चावी आली. छप्पन्न वर्षांच्या बाईला विद्यार्थिनी म्हणून सूट! मी तर हसून हसून बेजार झालो. तीही हसली, पण ते पत्र तिने दोनदा वाचलं, हे मी पाहिलं.

त्या रविवारी ती अभ्यासकेंद्रावर गेली आणि मी बाह्या वर केल्या. तिला म्हटलं होतं, "तू येईपर्यंत मशीन नवंकोरं करून ठेवतो." आधी नव्या सिस्टीमची फाइल उतरायला तास लागला, नव्याण्णव टक्क्यांवर अडकली, परत लावली. मग मशीन म्हणालं, जागा पुरत नाही. मी रद्दड गोष्टी काढल्या, तरी पुरेना. तिसऱ्यांदा अर्ध्यावरून उलटं फिरलं आणि जुनंच परत समोर आलं. माझं टाळकं सटकलं. च्यायला, एकतीस वर्षं लोखंडाला वळण लावलं, आणि हे प्लॅस्टिकचं ताट मला नाचवतंय! पुढे कुठेतरी पर्याय दिसला, सगळं पुसून कोरं करून बसवा. बस, हीच तर माझी पद्धत. ओव्हरहॉल!

तसा मी बेफिकीर माणूस नाही. पुसायच्या आधी हिच्या प्रकल्पाचं चित्र समोर पडद्यावर दिसत होतं, ते उचलून पेनड्राइव्हवर ठेवलं. ठेवलं ते नीट बघितलंसुद्धा. मग इंग्रजीत लांबलचक इशारा आला, त्यातले पहिले दोन शब्द वाचले आणि हो म्हटलं. पाटी कोरी झाली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

नवी सिस्टीम बसली आणि शेवटी चावी मागितली. पंचवीस अक्षरं घातली. उत्तर आलं, ही चावी फक्त अपग्रेडची आहे, आधीची सिस्टीम सापडत नाही. पुन्हा घातली, तेच. सगळं पुन्हा पहिल्यापासून पुसून बसवलं, तरी तेच. मदतीच्या नंबरावर फोन केला तर अर्धा तास संगीत आणि मग एक गोड आवाज. त्या आवाजावर मी असा डाफरलो की त्याने परत संगीत लावलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल म्हणजे मीच.

दुपारी चारला ही आली. पर्स खुर्चीवर ठेवून पहिलं विचारलं, "माझा प्रकल्प?"

"अगं, तो पेनड्राइव्हवर आहे. मी काय वेडा आहे का?"

तिने पेनड्राइव्ह लावला. चित्र दिसलं. दाबलं. फाइल सापडत नाही. परत दाबलं. सापडत नाही. मुलीला फोन लावला. तिने तिकडून विचारलं, "बाबा, त्या चित्राच्या कोपऱ्यात छोटा बाण आहे का?" होता. मुलगी म्हणाली, ती फाइल नव्हती, फाइल कुठे आहे ते दाखवणारी खूण होती. म्हणजे मी घराचा पत्ता जपून ठेवला होता आणि घर पाडलं होतं.

माझं धाबं दणाणलं. तसाच लॅपटॉप उचलून नाक्यावरच्या दुकानात पळालो. दुकानदाराने तासभर बघितलं आणि मान हलवली, वर दोनदा नवीन लिहिलं गेलंय काका, खालचं नाही येणार. परत जिना चढलो. हिने चार शिव्या दिल्या तर बरं, असं वाटत होतं. आणि दार उघडल्यावर मी काय केलं? मीच चिडलो. "एक कॉपी काढून ठेवायला काय झालं होतं तुला?" माणूस चुकला की आवाज चढवतो, निदान मी तरी.

ती रडली नाही. तोंड धुऊन आली, चहा ठेवला, दोन कप ओतले आणि म्हणाली, "आधी मशीन चालू करू."

इथून पुढे मी जे पाहिलं, त्याचं आश्चर्य अजून ओसरलेलं नाही. तिने मदतीचं ते लांबलचक इंग्रजी पान मोबाइलवर उघडलं, शेजारी डिक्शनरी ठेवली, आणि कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या मागे एकेक पायरी मराठीत उतरवायला बसली. सोप्या वाटणाऱ्या वाक्याशीही ती थांबत होती. मी मध्येच म्हणालो, "ते सोड गं, पुढचं बघ." ती वरही न बघता म्हणाली, "तुम्ही सोडलंत म्हणून तर ही वेळ आली." दीड तासाने तिने मला समजावलं. "कलम बांधायला खाली खुंट लागतो ना? ही सवलतीची सिस्टीम म्हणजे कलमाची फांदी. ती जुन्यावरच जगते. तुम्ही खुंटच उपटलात."

एवढी साधी गोष्ट. गाळ्यातल्या कुठल्या इंजिनीअरने मला इतकी नीट समजावली नसती.

दुसऱ्या दिवशी तिने सांगायचं आणि मी करायचं, असं चाललं. आधी मुलीने पाठवलेली जुनी साधी सिस्टीम बसवली. मशीनने आपली ओळख आपणच पटवली, चावी मागितलीही नाही. मग त्यावर नवी चढवली. जागा अपुरी पडायचा प्रश्नच आला नाही, जागा मी करून ठेवलीच होती. शेवटी पंचवीस अक्षरं. ती एकेक अक्षर वाचत होती, मी एका बोटाने दाबत होतो. पडदा काळा झाला, गोल फिरत राहिलं, आणि मग निळा उजेड आला, स्वागत आहे, आणि खाली हिचं नाव. मी टाळीच वाजवली. तिने साइट उघडून बघितली. उघडली. "झालं," ती म्हणाली, "आता लिहायला घेऊ." नऊ दिवस उरले होते.

ती सांगायची, मी टाइप करायचो. प्रस्तावना तिला तोंडपाठ होती. पण शब्दांची यादी आली आणि ती अडली. डोळे मिटून बसायची, चार शब्द यायचे, पाचवा नाही. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून म्हणाली, "स्कूटर काढा. इथे बसून नाही यायचं."

होळीला तिच्या भावाची वाडी आहे. त्याला म्हणाली, पंप सुरू कर. "ताई, पानी सोडू?" त्याने विचारलं आणि सोडलं. हिने चपला काढल्या, साडी खोचली आणि पाटात उतरली. पाणी आलं तशी पायानेच माती सारून तिने पहिल्या वाफ्याचं तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडून शब्द आला. पाणी वळलं, दुसरा आला. वाफा भरला, कडेला पाणी थबकलं, झिरपलं, पुढे निघालं, आणि ती त्याच्या मागोमाग चालत प्रत्येक ठिकाणचं नाव घेत गेली. डोक्याला आठवत नव्हतं ते पायांना आठवत होतं. मी वही घेऊन केळीतून मागे धावत होतो. ते शब्द मी इथे लिहीत नाही, तिने बजावलंय, तुम्ही चुकीचे लिहाल. मी ओरडलो, "अगं, जरा थांब!" ती म्हणाली, "पाणी थांबतं का?"

तिचा भाऊ पंपाजवळ उभा राहून तोंडावर हात ठेवून ऐकत होता. त्याचा जन्म त्या वाडीत गेला, आणि त्यालाही यातले निम्मे माहीत नव्हते. अडतीस वर्षं या बाईच्या हातचं जेवलो, हिला भाजी आणायला पिशवी दिली, हिच्या अभ्यासाची टिंगल केली, आणि हिच्यात हे एवढं आहे, हे मला कधी दिसलं नाही. दिसलं नाही म्हणजे मी पाहिलंच नाही. सगळ्या वाडीला पाणी फिरेपर्यंत दोन तास गेले. वही चिखलाने माखली होती, आणि मला ती पुसावीशीही वाटली नाही.

त्यानंतर काम भराभर झालं. शेवटच्या दिवशी सकाळी परिशिष्ट तेवढं राहिलं होतं. दोन रकाने, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. मी खाली-वर बघून म्हणालो, "झालं की सगळं."

"अजून अकरा आहेत. उजवीकडे लिहा. बैल फिरायला लागल्यावर आणि पाणी वर यायच्या आधी रहाटाचा जो आवाज येतो, तो."

मी लिहिलं. "आणि डावीकडे?"

"कोरं ठेवा."

"म्हणजे?"

"तो शब्द आईने शेवटच्या आठवड्यात सांगितला होता. कागदावरून सरळ आत चढवला होता मी. अर्थ आठवतो, शब्द नाही. वाडीतही नाही आला. भावालाही माहीत नाही. आता विचारायला कोणी नाही."

ती साध्या आवाजात पुढचा अर्थ सांगायला लागली. बावखलाच्या तळाशी उन्हाळ्यात उरतं ते पाणी. डावीकडे कोरं. रोपाच्या मुळाशी दोन्ही ओंजळींनी घातलेलं पाणी. डावीकडे कोरं. मी एकेक ओळ टाइप करत गेलो. मार्गदर्शक बाईंनी तिला म्हणे सुचवलं होतं, की कोऱ्या ओळी वगळल्या तरी चालतील. ही नको म्हणाली. शब्द होता, एवढं तरी वाचणाऱ्याला कळू दे, म्हणाली.

अकरावी ओळ झाली. मी हात मांडीवर घेतले. लग्न झाल्यापासून मी तिला हे कधी म्हटलं नव्हतं, कुणालाच म्हटलं नव्हतं.

"चुकलं माझं."

"हो," ती म्हणाली. "आता पाठवा."