याकूबभाईंचा कलप आणि माझा पिवळा पट्टा

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. बरं, राहू द्या. तुम्ही हसणारच. फक्त चहा तेवढा खाली ठेवा, नाकातून येईल.

मी टायक्वांदो शिकत होतो, तेव्हाची गोष्ट. हो, मीच! चेहऱ्याकडे काय बघता?

मी भिवंडीजवळच्या राहनाळचा. आठवीत शाळा सोडली, ती अभ्यासामुळे नाही, तोंडी परीक्षेमुळे. उत्तर यायचं, पण घशाच्या वर यायचं नाही. मग गावातल्याच गोडाऊनमध्ये गोण्या उचलल्या. गोण्यांशी बोलावं लागत नाही, हा त्या कामाचा मोठा फायदा. पुढे भिवंडीतच निजामपुऱ्यात एका शेठच्या कापडाच्या कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर लागलो, आणि तिथल्याच समाजमंदिरात एक बोर्ड दिसला. 'टायक्वांदो शिका. फायदे : आत्मविश्वास, शिस्त, आरोग्य, एकाग्रता, निर्भयता.' शुक्रवारी लूम बंद, म्हणून क्लासही शुक्रवारी सकाळी.

शिकवणारे सावंतसर एरवी एका कचेरीत कारकून होते. निर्भयतेवर ते फार छान बोलायचे. फक्त समाजमंदिराचा शिपाई किल्ल्या वाजवत दारात आला, की निम्म्या वाक्यात थांबून म्हणायचे, "झालंच हं काका, झालंच!"

आईने कारखान्यातल्या कोऱ्या कापडाचा ड्रेस शिवून दिला. पहिल्याच धुण्यात तो इतका आटला की पॅन्ट गुडघ्याला आली.

"काय रं, ह्यो मारामारीचा डरेस हाय का पवायचा?" आई म्हणाली.

ते जाऊ द्या. लाथ मला जमायची. अडचण होती ओरडण्याची. टायक्वांदोमध्ये लाथ मारताना पोटातून एक आरोळी ठोकायची असते. आरोळी नाही, तर पिवळा पट्टा नाही. आणि माझ्या तोंडून काय यायचं? मांजर कपाटात अडकल्यासारखं काहीतरी. माझ्यामागून आलेली पोरं पट्टा बांधून मिरवायला लागली. मी पांढराच.

शेवटी सर म्हणाले, "येत्या परीक्षेला बाहेरून मोठे सर येणार आहेत. आवाज निघाला नाही, तर मी तुला पुन्हा बसवणार नाही. अरे, मनात साचलेलं असतं ना, कुणाला बोलायचं राहिलेलं? ते बाहेर काढ! रोज सराव कर!"

पण करायचा कुठे? घरी ओरडलो असतो, तर भूत लागलं म्हणून आईने भगत बोलावला असता. खाडीवर ओरडलो असतो, तर लोकांनी बुडतोय म्हणून उड्या टाकल्या असत्या.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कारखाना!

तुम्ही कधी लूम चालू असताना आत उभे राहिलात का? शेजारच्याच्या कानाला तोंड लावून बोंबललं, तरी तो म्हणतो, "क्या?" अख्ख्या भिवंडीत बिनधास्त ओरडायला याहून चांगली जागा कोणती? मला वाटलं, आजवर हे कुणालाच कसं सुचलं नाही!

दुसऱ्या दिवशी सुरुवात केली. आधी नुसतं "हाऽऽय्या!" कुणी वळूनही बघितलं नाही. मग सरांचं आठवलं. साचलेलं बाहेर काढ.

समोरून आमचे मुकादम याकूबभाई येत होते. माणूस देव, पण केसांच्या बाबतीत थापाड्या. वय झालं तरी केस कुळकुळीत काळे. म्हणायचे, "बदामाचं तेल, पोरा! खानदानी बाल आहेत!" आणि कारखान्याच्या उकाड्यात ते खानदानी बाल घामाबरोबर मानेवर उतरायचे, काळे ओघळ होऊन.

मी लाथ उचलली आणि पोटातून ओरडलो, "याकूबभाई! तुमचा कलप गळतोय!"

याकूबभाई थबकले. माझ्याकडे बघितलं, मान डोलावली आणि पुढे गेले. दुसऱ्या दिवशी ते मानेला रुमाल गुंडाळून आले. मला वाटलं, घसा धरला असेल.

काय सांगू, चटकच लागली हो! जन्मात जे बोललो नव्हतो, ते सगळं मी त्या खडखडाटात बोलून घेतलं. धागा सारखा तुटतो म्हणून बोललो. परीक्षेची भीती वाटते, तेही बोललो. मग शेठकडे वळलो. कारखान्यात पंखा एकच, तोही शेठच्या खुर्चीवर. मी तोंडासमोर उभा राहून ओरडलो, "शेठ! एकट्याने वारा खाता, आम्हाला काय भाजायला ठेवलंय?" शेठने वर पंख्याकडे बघितलं. मला वाटलं, पाल असेल.

तशी एक गोष्ट मला कधीपासून विचित्र वाटायची. जुने विणकर लांबून एकमेकांकडे बघून सारखे ओठ हलवायचे आणि मध्येच हसायचे. मी समजायचो, तंबाखू चघळतायत.

आलं ना लक्षात? तुम्हाला लगेच आलं. मला नाही आलं!

परीक्षेच्या आदल्या दिवशी शेठ एका व्यापाऱ्याला कापड दाखवायला आत घेऊन आले. मी रंगात होतो. लाथ कमरेच्या वर, मुठी आवळलेल्या, छातीत वारा भरलेला. "शेठ! पंखा आमच्याकडे फिरवा, नाहीतर..."

आणि लाइट गेली.

लूम धापा टाकत थांबले. आणि त्या शांततेत माझा आवाज, जो आयुष्यात कधी घशाच्या वर आला नव्हता, तो पत्र्याला जाऊन भिडला, "...नाहीतर तुमची खुर्ची उडवीन! हाऽऽय्या!"

पत्र्यावरची कबुतरं उडाली. माझा पाय हवेतच राहिला. खाली कुठे ठेवू? नोकरी तर गेलीच होती.

व्यापारी घाबरून मागे सरकला. "क्या बोला ये?"

शेठ कापडाची घडी उलगडत शांतपणे म्हणाले, "कुछ नहीं. रोज बोलता है."

रोज?

"पाय खाली घे रे, लचक भरेल," शेठ मला म्हणाले. "पंखा फिरवतो. पण आधी लाइट तर येऊ दे!"

मी पाय खाली घेतला. मी याकूबभाईंकडे बघितलं. ते पोट धरून बसले होते.

"अरे येड्या," ते म्हणाले, "लूमवर कानाने कोण ऐकतो? इथे सगळे तोंड बघतात! ओठ हलले की आम्हाला कळतं. शेठपण जवानीत लूमवर उभा होता, त्यालापण येतं."

"म्हणजे... तो कलप..."

त्यांनी मानेचा रुमाल सोडून माझ्यासमोर धरला. आतून काळाभोर. "मग हा काय शौक म्हणून बांधला? आणि उद्या तुझी परीक्षा आहे, तेपण माहीत आहे. आम्ही सगळे येणार!"

नको म्हणायला मी तोंड उघडलं. लूम बंद होते, त्यामुळे आवाज काही निघाला नाही.

शुक्रवारी खरंच अख्खा कारखाना समाजमंदिरात. याकूबभाई पहिल्या रांगेत, नमाजाला जायचं म्हणून नवा शर्ट, केसांना ताजं 'बदामाचं तेल'. माझं नाव पुकारलं. मी लाथ मारली. सुंदर लाथ! आणि मग शांतता. अशी शांतता, की शिपाईकाकांच्या किल्ल्या ऐकू येत होत्या.

"आवाज?" मोठे सर म्हणाले.

मी तोंड उघडलं. ओठ हलले. बाकी काही नाही. सावंतसरांना माझ्यापेक्षा जास्त घाम फुटला. बोर्डावरचे सगळे फायदे त्यांच्या डोळ्यांसमोर पुसले जात होते.

"काय म्हणतोय तो?" मोठ्या सरांनी विचारलं.

पहिल्या रांगेतून याकूबभाई उठले. "साहेब, मी सांगतो. तो बोलतोय, 'आई गं, मला घरी जायचंय.'"

समाजमंदिर हशाने फुटलं! आणि वाईट म्हणजे ते खरं होतं. माझे ओठ पुन्हा हलले.

"आता बोलतोय, 'याकूबभाई, पाया पडतो, गप बसा.'"

लोक एकमेकांच्या अंगावर पडायला लागले. शेठ डोळे पुसत होते. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

"आता काही बोलत नाही," याकूबभाईंनी जाहीर केलं, "पण पाय थरथरतोय."

आणि माझं डोकं फिरलं. पोटातून, बेंबीच्या देठापासून आलं, "याकूबभाई! तुमचा कलप गळतोऽऽय! हाऽऽय्या!"

सगळा निजामपुरा वळून त्यांच्या मानेकडे बघायला लागला. आज रुमाल नव्हता. खानदानी बाल नव्या शर्टाच्या कॉलरवर हळूहळू उतरत होते.

मोठे सर म्हणाले, "आवाज उत्तम. पास!"

पट्टा मिळाला. सावंतसरांनी तो बांधताना निर्भयतेवर दोन शब्द सुरू केले, पण किल्ल्या वाजल्या.

शनिवारी कामावर गेलो. पंखा आमच्याकडे वळलेला होता. लूम सुरू झाले, आणि याकूबभाई येऊन माझ्यासमोर उभे राहिले. ओठ हलायला लागले. बराच वेळ हलत होते.

आवाज काही आला नाही. पण बोर्डावरचं सगळंच खोटं नव्हतं हो. टायक्वांदोने एकाग्रता खरंच वाढते. आयुष्यात पहिल्यांदाच मला अक्षर न् अक्षर वाचता आलं.